चाळीसगावचा टांगा आणि खान्देशातले पुतळे

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात माणसांची रीघ लागते. पाऊस असो वा नसो, मुंबई-आग्रा रस्त्याने ट्रक, टेम्पो, मोटारसायकली भरभरून येतात. निळे झेंडे असतात, पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबाया असतात, पुस्तकांचे स्टॉल असतात, गायन पार्ट्या असतात. लळिंगच्या किल्ल्याखालच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर हे सारे लोक येतात, कारण १९३७ साली वकिलीच्या कामासाठी धुळ्याच्या कोर्टात आलेल्या बाबासाहेबांचा मुक्काम या बंगल्यात झाला होता. या यात्रेला लोकांनीच नाव दिले आहे, भीमस्मृती यात्रा. कुणा मंत्र्याने तिची घोषणा केली नाही, कुठल्या महामंडळाने तिचे नियोजन केले नाही. बाबासाहेब इथे राहिले होते एवढ्या एका गोष्टीवर खान्देशातला गोरगरीब माणूस आपली एक दिवसाची मजुरी बुडवून तिथे जातो.

जळगाव आणि धुळे या दोन शहरांतून हिंडताना आम्हाला नेहमी प्रश्न पडतो की, या शहरांनी कुणाला लक्षात ठेवले आहे आणि कसे? शहराचे मन पुतळ्यांवरून, चौकांच्या नावांवरून, बाजारपेठांच्या पाट्यांवरून कळते. धुळे शहर इंग्रजी अंमलाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्जने आखले. सरळ रेषेत गल्ल्या पाडल्या, त्यांना आकडे दिले, आणि आजही माणसे ‘चौथ्या गल्लीत राहतो’, ‘सहाव्या गल्लीत दुकान आहे’ असे सांगतात. आमचे मोर्चे कलेक्टर कचेरीकडे जातात तेव्हा धरणे धरायची जागा ठरलेली, क्युमाईन क्लबजवळ. साहेब गेले, साहेबाचे नाव राहिले. जळगावात पोलन पेठ आहे, तेही इंग्रज अधिकाऱ्याचेच नाव. त्याच जळगावात महात्मा फुल्यांच्या नावाचे मार्केट आहे. खान्देशातला अर्धा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला ‘फुले मार्केटला’ जातो. पण फुले कोण, त्यांनी शेटजी-भटजींविषयी काय लिहिले, हे त्या मार्केटातल्या किती गाळेवाल्यांना सांगता येईल? नाव देणे सोपे असते. नावामागचा माणूस पचवणे अवघड असते.

पुतळ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे काही शहाणे लोक लगेच हिशेब मांडायला बसतात. पुतळ्यापेक्षा शाळा बांधा, दवाखाना बांधा, असा सल्ला देतात. हा सल्ला त्यांना नेमका कधी सुचतो ते पाहावे. देवळाच्या कळसाला सोन्याचा मुलामा देताना तो सुचत नाही. गल्लोगल्लीच्या मंडळांनी लाखोंचे मंडप उभारले तरी सुचत नाही. दलित वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले की मात्र यांच्या अंगात शिक्षणतज्ज्ञ संचारतो. ज्या गावात आमच्या आजोबांना पायात वहाण घालून गावातून जायची मुभा नव्हती, त्या गावाच्या दर्शनी भागात कोट-टाय घातलेला, हाती पुस्तक धरलेला आमचा माणूस उभा राहतो, याचा अर्थ हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. म्हणजे या पुतळ्यांची परंपरा मेल्या माणसाच्या पूजेतून नव्हे, चालत्या लढ्यातून आली आहे. जळगावच्या रेल्वे स्थानकाजवळचा बाबासाहेबांचा पुतळा पाहावा. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची गर्दी तर सगळ्यांनाच दिसते. पण एरवीही कुठे अत्याचार झाला, कुणा मुलाची शिष्यवृत्ती अडली, कुठल्या वस्तीवर बुलडोझर फिरला की माणसे आधी पुतळ्याशी जमतात. ज्याला पोलीस ठाण्यात उभे करत नाहीत, त्याला पुतळ्यापाशी कुणी हटकत नाही. आमच्या माणसाला शहरात स्वतःचा असा तो एकच पत्ता असतो.

म्हणून तर त्या पुतळ्यांवर हात टाकला जातो. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्यांवर राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे मेली. २००६ च्या नोव्हेंबरात कानपूरला पुतळा फोडला आणि महाराष्ट्र पेटला. खैरलांजी होऊन तेव्हा दोन महिनेच झाले होते. दगडाच्या मूर्तीसाठी एवढे का चिडता, असे तेव्हाही विचारले गेले. पुतळा फोडणाऱ्याला तो दगडाचा वाटत नसतो, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

पण आज आम्हाला जे सांगायचे आहे ते विरोधकांना नाही, आपल्याच लोकांना सांगायचे आहे. आणि त्यासाठी चाळीसगावला जायला हवे.

मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. अध्यक्षाच्या नावावरून ती स्टार्ट समिती म्हणून ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि १९२९ साली खान्देशातले दोन जिल्हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे आणि आणखी एका सदस्याकडे आले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची चौकशी त्यांना करायची होती. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनवर येऊन आग्रह धरला की रात्री आमच्याकडे मुक्काम करा. बाबासाहेब कबूल झाले. त्या गावाला जाऊन आले, स्टेशनवर उतरले, हार घालून स्वागत झाले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर, वाटेत नदी आणि नदीवर फरशी.

स्टेशनबाहेर टांगे होते. तरी बाबासाहेबांना जवळजवळ तासभर थांबावे लागले. का, ते त्यांना कुणी सांगेना. अखेर एक टांगा आला. टांग्यात बसणारे दोघेच, बाबासाहेब आणि हाकणारा. टांगा थोडा पुढे जातो न जातो तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. तेव्हाच त्यांच्या मनात आले की रोज टांगा हाकणारा माणूस असा कसा? पुढे फरशीवर चाक कडेच्या दगडाला अडकले, घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत कोसळला. पाय मोडला, अंगभर मार लागला, काही दिवस त्यांना हलता येईना.

मग खरी हकीकत कळली. एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून न्यायला तयार नव्हता. त्यात त्यांना कमीपणा वाटत होता. इकडे आपल्या माणसांना बाबासाहेबांनी दोन मैल पायी यावे हे पटत नव्हते. तडजोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकता येत नव्हता.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले. पुस्तिकेच्या रूपाने ते लोकांपुढे यायला १९९० साल उजाडले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला आहे. न्यूयॉर्कमधला पोरगा चाळीसगावचा टांगा वाचतो. चाळीसगाव स्टेशनवर उतरणाऱ्या किती प्रवाशांना तो ठाऊक आहे?

या हकीकतीत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्याला टोचणाऱ्या आहेत. पहिली टांगेवाल्याची. तो टांगेवाला शंकराचार्य नव्हता, सावकार नव्हता, इनामदार नव्हता. घोड्याची लीद उचलणारा, चार-आठ आण्यांसाठी स्टेशनवर ताटकळणारा कष्टकरी माणूस होता. परदेशात शिकून आलेला, मुंबई हायकोर्टात वकिली करणारा बॅरिस्टर त्याच्या टांग्यात बसणार होता, सरकारी समितीचा सदस्य म्हणून आलेला होता. तरीही त्या टांगेवाल्याला स्वतःची जात त्या बॅरिस्टरहून वर वाटली. हलके काम करणाराही कुठल्याही अस्पृश्याहून स्वतःला श्रेष्ठ मानतो, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी या प्रसंगातून काढला. ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा शब्द आपण भाषणात हजारदा वापरतो. चाळीसगावच्या स्टेशनवर बाबासाहेब त्याच विषमतेपायी तासभर ताटकळले.

१९२९ ची गोष्ट म्हणून ती सोडून द्यावी, असे कुणी म्हणेल. तर मग जूनमध्ये २०१८ साली जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात काय झाले? विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या अल्पवयीन मुलांना उघडे करून पट्ट्याने मारले, आणि त्याची चित्रफीत काढून फिरवली. देशभर बातमी झाली. आपण निषेधाचे मोर्चे काढले, निवेदने दिली, ते योग्यच केले. पण एक गोष्ट बोलायला आपण कचरलो. मारहाणीचा आरोप ज्यांच्यावर होता ते भटक्या समाजातले होते. ज्यांना आपण व्यासपीठावरून ‘बहुजन बांधव’ म्हणतो त्यांच्यातलेच. टांगेवाला १९२९ साली जिथे उभा होता तिथेच २०१८ साली विहिरीचा मालक उभा होता. आणि वाकडीनंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. इथे भटके मेले, आणि मारणारे जमावातले लोकही गरीबच होते. खान्देशातल्या एका उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर घडलेल्या या दोन घटना आहेत. शत्रू फक्त वरच बसला आहे, एवढेच सांगून आपली सुटका होत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या शहरांतल्या पुतळ्यांकडे पाहिले की काय दिसते? एकेका पुतळ्याभोवती एकेका जातीचे कुंपण पडलेले दिसते. अहिराणीत म्हणतात तसे, ‘हाऊ आमना शे’. शिवराय मराठ्यांचे, बाबासाहेब बौद्धांचे, अण्णाभाऊ मातंगांचे, अहिल्यादेवी धनगरांच्या, एकलव्य आणि खाज्या नाईक भिल्लांचे, बहिणाबाई लेवा पाटलांच्या. जयंतीचे वर्गणीदार ठरलेले, मिरवणुकीचे मार्ग ठरलेले, आणि दुसऱ्याच्या जयंतीला घरात बसायचे हेही ठरलेले. कुळवाडीभूषण म्हणून शिवरायांचा पोवाडा लिहिणारे फुले आणि बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभारणारे बागल या कुंपणात बसत नाहीत. राज्यकर्त्यांना हे कुंपण फार सोयीचे आहे. प्रत्येक जातीला एक पुतळा, एक महामंडळ आणि एक सभागृह दिले की पाच वर्षांची बेगमी होते.

खाज्या नाईकाचेच घ्या. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटात रखवालीचे काम इंग्रजांनी त्याला दिले होते. १८५७ मध्ये त्याने त्याच इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, शिरपूरपर्यंत धडक मारली. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, भिल्लांचे शिरकाण झाले, बायका कैद झाल्या. पुढे खाज्याला दग्याने मारले. भिल्लांना भिल्लांकडूनच आवरायचे म्हणून इंग्रजांनी १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण काढली होती आणि तिचा आउट्रम साहेब पुढे एवढा मोठा झाला की कलकत्त्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा बसला. आउट्रमला पुतळा मिळाला, ज्या मुलखात तो मोठा झाला तिथल्या खाज्याला शाळेच्या पुस्तकात किती ओळी मिळाल्या? सत्तावन्नचा इतिहास शिकवताना झाशी आणि कानपूर शिकवतात, अंबापाणी शिकवत नाहीत. हा प्रश्न भिल्लांनी एकट्याने का विचारावा? स्टार्ट समिती अस्पृश्यांसाठी होती तशीच आदिवासींसाठीही होती. बाबासाहेब ज्या चौकशीसाठी खान्देशात आले तिच्यात भिल्लाचे दुःखही होते. तोच आग्रा रस्ता उत्तरेला खाज्याच्या घाटातून जातो आणि दक्षिणेला लळिंगच्या लांडोर बंगल्यावरून. ३१ जुलैच्या आपल्या व्यासपीठावर खाज्याची तसबीर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

साने गुरुजींबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलने या माणसाला महाराष्ट्राला दिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या तुरुंगाची ही आठवण भक्तिभावाने सांगितली जाते. विनोबा तुरुंगात गीता सांगत होते ते साल स्वतंत्र मतदारसंघांच्या लढ्याचे, ऑगस्टात जातीय निवाडा आला, सप्टेंबरात पुणे करार झाला. गीतेतल्या चातुर्वर्ण्याबद्दल बाबासाहेबांचे मत जगजाहीर आहे, इथे ते सांगत बसत नाही. मात्र १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावले, हे आम्ही विसरत नाही. आपण तोवर देवळाची पायरी सोडून फार पुढे आलो होतो. १९३५ साली येवल्याला घोषणा झालीच होती. गुरुजींचा प्रामाणिकपणा मान्य, त्यांचा मार्ग आपला नाही, आणि एवढे बोलायला कुणाची भीती बाळगायचे कारण नाही.

विद्यापीठाच्या नावाचीही गोष्ट अशीच बोलकी आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. आसोद्याची ही शेतकरी बाई, शाळेचे तोंड न पाहिलेली. तिच्या नावाने विद्यापीठ उभे राहणे हा शब्दप्रामाण्याच्या मक्तेदारीला बसलेला फटका आहे, आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. पण मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने केला, तेव्हा काय झाले? गावोगावी दलितांची घरे जाळली, माणसे मारली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सोळा वर्षे! जळगावात पाटी बदलताना एकही घर जळले नाही, आणि जळू नयेच. फक्त हा फरक कशामुळे पडला, हे मराठी साहित्याच्या संमेलनांतून कुणी विचारताना दिसत नाही.

आता हकीकतीतल्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू. ती आपल्या माणसांची आहे. चाळीसगावच्या त्या माणसांचे प्रेम खरे होते. आपला नेता पायी येऊ नये यात त्यांचा स्वाभिमान होता. पण बसणाऱ्याच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा असतो, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानात राहिले नाही. बाबासाहेबांनीच हे नमूद केले आहे, आणि रागाने नाही, समजुतीने. आपण मात्र ते वाचून पुढे जातो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण काय केले ते पाहावे. स्मारक समित्या निघाल्या. एका शहरात दोन-दोन जयंती समित्या, कुठे तीन. फलकावर बाबासाहेब टपालाच्या तिकिटाएवढे आणि भाऊ-दादा-अण्णा पुरुषभर उंचीचे. डीजेच्या भिंतीपुढे म्हातारी माणसे कान झाकून उभी. पुतळा रातोरात बसवायचा, सकाळी पोलीस येतात, पोरांवर गुन्हे दाखल होतात, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते गुन्हे वर येतात, आणि तोवर ज्या नेत्याने पुतळा बसवायला सांगितले तो दुसऱ्या पक्षात गेलेला असतो. सार्वजनिक रस्त्यावर नवे पुतळे बसवू नयेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जानेवारीत दिला. राज्य सरकारने २ मे २०१७ ला पुतळ्यांविषयी नवा निर्णय काढला. स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा ना-हरकत दाखला, कला संचालनालयाची मान्यता अशी सगळी वाट त्यात आहे. ही वाट लांब आहे आणि ती आपल्यासाठी मुद्दाम जास्त लांब केली जाते, हाही अनुभव आहे. पण म्हणून पोरांना लगाम देऊन आपण मागे उभे राहायचे का? घाईने बसवलेल्या पुतळ्याचे काय होते ते सत्तावाल्यांनीच दाखवून दिले आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी थाटात अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. इंदू मिलच्या जागेचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला झाले. पुतळ्याची उंची किती फूट यावरच पुढची भाषणे खर्ची पडली.

उंचीच्या या स्पर्धेत खान्देशाने पडू नये असे आम्हाला वाटते. खान्देशाकडे तिच्यापेक्षा मोलाचे काहीतरी आहे. बाबासाहेबांच्या पायाखालची जमीन आहे. चाळीसगावचे स्टेशन आहे, फरशी आहे, धुळ्याचे कोर्ट आहे, लांडोर बंगला आहे. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पूर्व खान्देशातून निवडून गेलेले दौलतराव गुलाजी जाधव आहेत. ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेबांबरोबर मुंबईच्या विधिमंडळात बसले. लळिंगला येऊन गेल्यावर दीडच महिन्यात, १७ सप्टेंबर १९३७ ला, बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दौलतरावांचे नाव आज जळगावच्या वस्तीतल्या दहावीच्या मुलाला विचारा. आमदारांची यादी त्याला तोंडपाठ असते, कारण ती फलकांवर असते.

इथे आम्ही एक गोष्ट सांगतो, ती काहींना रुचणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात १९२६ च्या डिसेंबरअखेर वारले. त्यांच्या जातिविषयक मतांशी आपले उभे वैर आहे. पण त्यांच्या माणसांनी काय केले? चौकात पुतळा बसवून ते थांबले नाहीत. लगेच १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ काढले, त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे जपली, आणि शंभर वर्षे होत आली तरी अभ्यासक धुळ्याला येतात. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली गांधी तीर्थ उभे राहिले. गांधीजींशी आपला वाद पुणे करारापासूनचा आहे आणि तो मिटलेला नाही. पण तिथेही कागद जमवले, पत्रे जमवली, ध्वनिफिती जमवल्या. त्यांच्यामागे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे खरे. राजवाड्यांच्या हाती मात्र पैसा नव्हता. पायपीट करून त्यांनी कागद गोळा केले. पायपिटीत आपण कुणाला हार जाणार नाही.

आपले दप्तर कुठे आहे? ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ यांचे अंक खान्देशात ज्यांच्या घरी येत होते, त्या घरांच्या माळ्यावर काय शिल्लक आहे? समता सैनिक दलाचे बिल्ले, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या पावत्या, १९५६ नंतर गावोगावी झालेल्या धम्मदीक्षांचे फोटो, रेल्वेत भुसावळला नोकरी करणाऱ्या आपल्या कामगारांची पत्रे, जलशांच्या वह्या. घर बांधायला काढले की हे सारे रद्दीत जाते. ३१ जुलै १९३७ ला दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला असेल, असलाच तर. त्याने आपल्या मुलाला काय सांगितले, सुनेला काय सांगितले, ते विचारायला आपल्यातले कोण गेले? आपल्या समाजात आज प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, वकील आहेत, तलाठी-तहसीलदार आहेत. जयंतीला प्रमुख पाहुणे म्हणून शाल घेताना ते दिसतात. त्यांनी वर्षातले चार रविवार एवढ्या कामाला द्यावेत.

लळिंगचे कुरण वनखात्याच्या ताब्यात आहे. बंगल्याला स्मारकाचा दर्जा द्या ही मागणी आपण करतो, ती लावून धरलीच पाहिजे. पण दर्जा मिळाला तर आत काय ठेवणार, याचे उत्तर आज आपल्याजवळ नाही. संगमरवरी फरशी आणि एक पुतळा एवढेच ठेवायचे असेल तर ते काम ठेकेदारही करील. तिथे धुळ्याच्या कोर्टातल्या त्या कामाचे कागद हवेत, कोर्टाच्या जुन्या दप्तरातून ते शोधायला आपलेच वकील हवेत. तिथे स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल मराठीत हवा. खान्देशातला महार, मांग, भिल्ल तेव्हा कसा राहत होता हे त्यातून पोरांना कळेल. चाळीसगावची ती फरशी नेमकी कोणती, हे तिथल्या जाणत्या मंडळींनी नगरपालिकेचे आणि रेल्वेचे जुने नकाशे काढून एकदाचे निश्चित करावे, आणि तिथे फलक लावायचा तर त्यावर टांगेवाल्याने काय केले आणि आपल्या माणसाने काय केले, दोन्ही लिहावे. वाकडीच्या आणि राईनपाड्याच्या माणसांनाही त्या दिवशी बोलवावे.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीतून निदान एक जुना कागद यावा, मूळ नाही तर झेरॉक्स. तो घ्यायला, त्याची नोंद करायला आणि देणाऱ्याला पोच लिहून द्यायला व्यासपीठाशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढीच सोय लागेल. टेबलावर कोणत्या गटाचा झेंडा असावा यावरून भांडण होणार असेल तर झेंडा न लावताही चालेल.